जिन्याच्या खिडकीतला सुभेदार

बोरजाईवाडीत सॅल्यूटला डावा हात लावायची कुणाची टाप नव्हती. कडेगाव तालुक्यातलं हे गाव. घरटी एक माणूस फौजेत आणि ज्याच्या रानात ऊस त्याच्या भिंतीवर वर्दीतला फोटो. एवढ्या सगळ्या फौजेवर गावात नजर कोण ठेवणार? तर रिटायर सुभेदार नाथाजी. सगळी नोकरी त्यांनी रेजिमेंटच्या सेंटरवर ड्रिलचा उस्ताद म्हणून काढली होती. नव्या पोरांना चालायला, वळायला आणि सॅल्यूट मारायला शिकवायचं. पेन्शन घेऊन घरी आले, पण उस्तादकी काही सुटली नाही. सेंटरवरची पोरं संपली तशी त्यांनी गावातली धरली.

एका पंधरा ऑगस्टला पहिलीतल्या एका पोरानं झेंड्याला डाव्या हातानं सॅल्यूट मारला. नाकातला शेंबूड उजव्या हातानं पुसत होतं बिचारं, मोकळा होता तो हात वर केला. नाथाजींनी तिथंच कार्यक्रम थांबवला आणि पहिल्यापासून घ्यायला लावला. सरपंच, तलाठी, गुरुजी, सगळे उन्हात पुन्हा ताठ उभे. पेढे वाटायचे ते वितळून गेले.

दुसऱ्या खेपेला सुट्टीवर आलेला एक जवान वर्दीतच वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन निघाला होता. नाथाजींनी त्याला भर रस्त्यात अडवला. "वर्दी अंगात आसली की डोक्यावर टोपी. दुसरं कायबी न्हाई. वझं घ्यायचं आसंल तर आदी वर्दी उतरव." पोरगं गुमान चड्डी-बनियनवर आलं, वर्दीची घडी काखेत मारली आणि भारा घेऊन घरी गेलं. तेव्हापासून पारावरची पेन्शनर मंडळीसुद्धा नाथाजी दिसले की आधी स्वतःचे हात तपासायची.

अशा माणसानं बंगला बांधायला काढला. आता बंगला काय, आमच्या भागात उसाला बरा दर आला की उगवतोच. पुढं चार खांब, वर गच्ची, आणि गच्चीवर काहीतरी अचाट. कुणाचा गरुड, कुणाचं विमान. नाथाजींच्या डोळ्यात मात्र एकच वस्तू सलत होती. कवठे महांकाळकडच्या जोतीरामाचा रणगाडा. जोतीराम म्हणजे नाथाजींच्या बरोबरीनं भरती झालेला गडी, पण रिटायर होताना ऑनररी कॅप्टन होऊन बसला. त्यानं आपल्या बंगल्यावर पाण्याची टाकी सिमेंटच्या रणगाड्याची केली. टाकी भरून वाहायला लागली की तोफेच्या नळीतनं शेजाऱ्याच्या अंगणात पाणी पडायचं. तरी लोक लांबून लांबून बघायला जात होते.

"आपलं कायतरी ह्याच्या वरचं पायजे," नाथाजींनी घरात जाहीर केलं.

त्यांचा मुलगा वीरधवल शिरवळच्या कारखान्यात नोकरीला. त्यानं मोबाइलवर एका बंगल्याची खिडकी दाखवली. रंगीत काचांचे तुकडे जोडून केलेलं चित्र, त्यातनं ऊन आत आलेलं, फरशीवर लाल-निळे डाग पडलेले. नाथाजींनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "ह्यात माणूस बसतो का?"

"बसतो की."

"मग मला बसवा."

सांगलीहून चारुशीला आली. विश्रामबागेत तिचं काचकामाचं दुकान. बाई या धंद्यात मुरलेली होती. बंगलेवाल्यांसाठी तिनं मोर केले होते, कमळं केली होती, आणि एका पुढाऱ्याच्या बाथरूमला त्याचं निवडणूक चिन्हही करून दिलं होतं. तिनं जिना बघितला. हॉलमधनं वर जाणारा जिना, आणि त्याच्या वळणावर रस्त्याच्या बाजूला भली मोठी चौकट मोकळी ठेवलेली. जागा छान होती. मग ती वही काढून बसली, आणि नाथाजींनी चित्र सांगायला सुरुवात केली. मधोमध ते स्वतः, पूर्ण वर्दीत, छातीवर मेडलं, सॅल्यूट मारताना. मागं बर्फाचे डोंगर. पायाशी ऊस.

"काका, बर्फात ऊस येत नाही," चारुशीला म्हणाली.

"माझा येतोय. काडा तुमी."

तिनं काढला. बाई गिऱ्हाइकाशी उगाच भांडणारी नव्हती, पण एक गोष्ट तिनं दोनदा समजावून सांगितली. "काका, काचेची खिडकी आतल्या माणसासाठी असते. बाहेरचा उजेड आत येतो तेव्हा चित्र दिसतं. दिवसा बाहेरून काही दिसणार नाही. म्हणून आम्ही चित्र आतून बघायच्या बेतानं काढतो."

"आत कोन हाय बघायला?" नाथाजी म्हणाले. "आत मी आन् आमची बनुबाई. लोक भाईर हायेत. तोंड रस्त्याकडं करा."

"मग आतून उलटं दिसेल."

"उलटं म्हंजे डोकं खाली, पाय वर तर न्हाई न्हवं?"

"नाही, तसं नाही."

"मग झालं तर."

बनुबाई चहाचे कप उचलत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांना विचारायची पद्धत त्या घरात कधी नव्हतीच. नवरा सेंटरवर पोरांना पाय आपटायला शिकवत होता तेव्हा उसाला पाणी पाजणं, पोराची शाळा, सासूचं आजारपण, सगळं त्यांनी एकटीनं रेटलं. पण त्याचं मेडल कुठं असतं?

चारुशीलानं पूर्ण मापाचा कागद आखला, काचा कापल्या, प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पट्टी गुंडाळून डाख दिला, चेहरा आणि हात काचेवर रंगवून भट्टीत भाजले. वास्तुशांत अजून लांब होती, घराला दारंसुद्धा लागली नव्हती. पण नाथाजींना फौजी सवय, सगळं वेळेच्या आधी. एका सकाळी तिची माणसं आली आणि तीन भागांत केलेली काच चौकटीत बसवून मोकळी झाली.

नाथाजी मुद्दाम आत बघत नव्हते. आधी रस्त्यावरनं बघायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. इस्त्रीचा सदरा घालून ते रस्ता ओलांडून पारापाशी गेले, ताठ उभे राहिले आणि गर्रकन वळले.

खिडकी शेणानं सारवल्यागत दिसत होती. ना मेडल, ना डोंगर, ना सुभेदार. पारावरच्या एकानं मोठ्या आपुलकीनं विचारलं, "पत्रा मारलाय व्हय, नाथाजी? पावसाचं बरं पडंल."

ते तरातरा आत आले. आणि हॉलमध्ये पाय टाकताच थबकले. सकाळचं ऊन खिडकीतनं ओतत होतं. बर्फ पांढराशुभ्र, ऊस हिरवागार, मेडलं झगझगीत, आणि मधोमध मिशीवर ताव दिलेले सुभेदार नाथाजी. अहाहा! काय दिसत होते म्हणून सांगू! छाती भरून आली त्यांची. आणि मग त्यांची नजर हातावर गेली.

सुभेदार डाव्या हातानं सॅल्यूट मारत होते.

"ए बाई!" नाथाजी असे ओरडले की माळ्यावरची कबुतरं उडाली. "ह्यो कुठला हात?"

"काका, मी सांगितलं होतं," चारुशीला शांतपणे म्हणाली. "रस्त्यावरून उजवा आहे. आतून..."

"मला आतनंच दिसतोय न्हवं! उलटा करा त्याला. पीछे मुड!"

गिऱ्हाईक रागावलं तर समजूत काढता येते, उस्तादाला कोण समजावणार? माणसांनी तिन्ही भाग काढले, फिरवले, पुन्हा बसवले. आता आतनं हात उजवा झाला, मेडलं डाव्या छातीवर आली. नाथाजींनी खुर्ची टाकून दुपारभर स्वतःकडं बघितलं. जेवणसुद्धा तिथंच मागवून घेतलं.

पण वीरधवल सुट्टीवर आलेला होता, आणि पोरगं हौशी. दिवस मावळल्यावर त्यानं घरातले होते नव्हते तेवढे दिवे लावले. दिवसा मेलेली खिडकी बाहेरनं जिवंत झाली. अख्खा रस्ता रंगानं न्हाऊन निघाला, आणि पारावरच्या मंडळींना, ज्यांतला एकूणएक जण फौजेतनं आलेला, उसाच्या फडात उभा राहून डाव्या हातानं सॅल्यूट ठोकणारा उस्ताद दिसला.

त्या मंडळींत अर्जुना होता. हा अर्जुना रंगरूट असताना त्याचा चुकून डावा हात वर गेला होता. नाथाजींनी त्याला तोच हात वर धरायला लावून मैदानभर पळवला होता, हात लुळा पडेपर्यंत. सगळी नोकरी, सगळी पेन्शन अर्जुनानं त्या एका संध्याकाळची वाट बघितली असावी. तो पारावर उठून उभा राहिला आणि नाथाजींच्याच आवाजात गरजला, "उस्ताद! कुठला हात?"

पार खदाखदा हसला. कुणी म्हणालं, खिडकीला मैदानाच्या चकरा मारू द्या. कुणी म्हणालं, बर्फात गारठलाय उजवा हात, म्हणून डावा. नाथाजींनी आत जाऊन स्वतः दिवे बंद केले आणि अंधारात जिन्यावर बसून राहिले. त्या माणसाचं खरं तेच धन होतं हो. बंगला काय, ऊस काय, आज आहे उद्या नाही. पण बोरजाईवाडीत चुकीचा हात कुणी खपवून घेत नसेल तर तो नाथाजी, एवढं एक नाव त्यानं कमावलं होतं. आणि आता तेच जायची वेळ आली. वास्तुशांतीच्या पत्रिकासुद्धा वेळेच्या आधीच वाटून झाल्या होत्या. जोतीराम येणार होता. तो आतनं बघणार, बाहेरनं बघणार, आणि दोन्हींपैकी एका बाजूला तरी हात डावा असणारच होता.

चारुशीलाला पुन्हा बोलावणं गेलं. आता हॉलमध्ये युद्धाची बैठक बसली. नाथाजी, वीरधवल, चारुशीला, मधे कागद.

"सॅल्यूट काढून टाका," वीरधवल म्हणाला. "सावधान उभं करा. दोन्ही हात खाली."

छान. पण मेडलं? ती डाव्या छातीवरच पाहिजेत, एका बाजूनं ती उजवीकडं जाणार. नाथाजींनी डोळे मिटून घेतले आणि मेडलं काढायला परवानगी दिली. मग नावाची पट्टी निघाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की टोपी एका कानावर कललेली असते. टोपी गेली. शर्टाची बटणपट्टी उलटी दिसंल म्हणून ती गेली. राहता राहिला चेहरा, तर नाथाजींच्या उजव्या गालावर चामखीळ. जोतीराम सोडणार होय? चेहरा पण गेला. कागदावर शेवटी उरला बर्फ, ऊस, आणि मधे दुधी भोपळ्यासारखा एक आकार.

"ह्यो कोन?" नाथाजी खचून म्हणाले.

"तुम्हीच, काका," चारुशीला म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं.

बनुबाई पलीकडं बसून गहू निवडत होत्या. सुपातनं मान वर न काढताच त्या म्हणाल्या, "ती ट्रंक काडा की. फाट्यावरनं डोक्यावर यायची ती. पाठीमागं दिवस मावळलेला. तिला कुठलं आलंय डावं-उजवं?"

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. सुट्टी मिळाली की तीच ट्रंक नाथाजींबरोबर एसटीनं फाट्यावर उतरायची. बर्फ नको, मेडल नको, ट्रंकेवरचं नाव-नंबरही नको. मावळतीचं तांबडं आभाळ, दोन्ही बाजूंना ऊस, आणि ट्रंकेखाली एक गडद सावली.

"ह्याला म्हंत्यात डोकं!" नाथाजींनी मांडीवर थाप मारली. डोकं कुणाचं, ते मात्र विचारू नका. संध्याकाळपर्यंत ते पारावर स्वतःचं म्हणून सांगत होते.

आकार बिनचूक यावा म्हणून चारुशीलाला कुणीतरी ट्रंक घेऊन उभं राहायला पाहिजे होतं. जुन्या घराच्या माळ्यावरनं तीच ट्रंक आणली. नाथाजींनी ती डोक्यावर घेतली. ट्रंक डावीकडं कलली. सावरली, तर उजवीकडं कलली. मान लटलटायला लागली, आणि शेवटी ट्रंक धाडकन खाली आली ती वीरधवलाच्या पायाजवळ. बनुबाई गव्हाचे हात पुसत उठल्या. चुंबळ केली, एका झटक्यात ट्रंक डोक्यावर घेतली आणि हात सोडून सरळ उभ्या राहिल्या. मान जराही हलली नाही. चारुशीलानं भराभरा रेघ मारून घेतली.

"मापाला काय, कोनी बी चालतंय," नाथाजी म्हणाले.

काच तयार होऊन आली तेव्हा सावली खाली जरा पसरट दिसत होती. वीरधवलानं ते बोलून दाखवलं. "बरानकोट हाय त्यो," नाथाजींनी सांगून टाकलं. "वर्दीवर घालत्यात."

वास्तुशांतीच्या दिवशी गाव लोटलं. पूजा झाली, जेवणं सुरू झाली, आणि दिवस कलताना जोतीराम जीपमधनं उतरला. त्यानं हात पाठीमागं बांधले आणि इन्स्पेक्शनला आल्यासारखा हॉलमध्ये उभा राहिला. खिडकी आतनं बघितली. मान इकडं केली, तिकडं केली. मग तिन्हीसांज होऊन दिवे लागेपर्यंत थांबला आणि रस्त्यावर जाऊन बघून आला. नाथाजी त्याच्या मागं मागं. परत आत आल्यावर जोतीरामानं सुस्कारा टाकला. "डावं-उजवं बराबर हाय, नाथा. खोट न्हाई."

नाथाजींची छाती सदऱ्यात मावेना. शेवटच्या पंगतीतल्या अर्जुनाचं तोंड पडलं.

"पर एक इचारू?" जोतीराम म्हणाला. "ह्यो गडी वर्दीत हाय न्हवं?"

"व्हय तर! वर बरानकोट हाय."

"आन् डोक्यावर वझं?"

अर्जुनानं बुंदीचा घास खाली ठेवला आणि म्हणाला, "वर्दी अंगात आसली की डोक्यावर..." आणि पंगतीत बसलेल्या त्या वैरणीच्या भाऱ्यावाल्या जवानानं शब्द पुरा केला, "टोपी."

"तू तर उस्ताद मानूस," जोतीराम म्हणाला. त्याच्या मिशीखाली हसू मावत नव्हतं. "तू आसा यायचास व्हय गावात? वर्दीवर ट्रंक डोक्यावर घिऊन? हमालागत?"

आली का पंचाईत! हो म्हणावं तर जन्मभर दुसऱ्यांना शिकवलेला नियम स्वतः मोडलेला. नाही म्हणावं तर मग एवढी काच लावून जिन्यात उभा केलाय कोण? नाथाजींनी तोंड उघडलं आणि खिडकीकडं बघितलं. इतके दिवस ते तिच्यात खोट शोधत होते. त्या सावलीकडं त्यांनी आजच बघितलं. ट्रंकेखालची सरळ मान. हात सोडलेले. खाली पोटरीपाशी पसरलेला घोळ. कसला बरानकोट आणि कसलं काय, सरळ सरळ लुगडं होतं ते.

मग त्यांना फाटा आठवला. एसटी थांबायची. बनु आधीच येऊन उभी असायची. कंडक्टर टपावरनं ट्रंक खाली द्यायचा, ती डोक्यावर घ्यायची, आणि नाथाजी पुढं निघायचे. वर्दीची घडी मोडू न देता, मान ताठ, नजर समोर, गाव बघतंय का एवढंच मनात. मार्च करताना मागं बघायचं नसतं. त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं. सुट्टी संपली की त्याच वाटेनं तशीच ट्रंक परत. नाथाजींना लाज वाटली. अर्जुना पारावर ओरडला तेव्हासुद्धा एवढी वाटली नव्हती.

"मी न्हवं त्यो," ते म्हणाले. आवाज उस्तादाचा नव्हता.

"मग कोन?"

"आमची बनु हाय ती."

पंगतीतल्या बायकांनी माना वर केल्या. जोतीराम खिडकीकडं आणि बनुबाईंकडं आळीपाळीनं बघायला लागला. "आन् मग तू कुठं हाईस ह्यात?"

"मी म्होरं गेलोय," नाथाजी म्हणाले. "चौकटीच्या भाईर. हात हलवत."

कुणी हसलं नाही. अर्जुनासुद्धा. बनुबाई बुंदीची परात कमरेवर घेऊन मधेच थांबल्या होत्या. त्यांनी एकदा काचेकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.

"दोन हुते न्हवं हात?" त्या म्हणाल्या. "एक लावायचा हुता ट्रंकंला. डावा लावला आसता तरी चाललं आसतं मला."

आणि पुढच्या पानावर बुंदी वाढायला वाकल्या.